सरळ म्हणजे किती सरळ?

टायर बदलले, अलाइनमेंट करून घेतली, गाडी घरी आणली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवताच डॅशबोर्डवर नागमोडी खुणा सोडत घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चित्र पेटलं. ते काही केल्या विझेना. नाशिकच्या सातपूरला त्र्यंबक रोडच्या आसपास अलाइनमेंटच्या दुकानात थोडा वेळ बसलं, तर अशी एखादी गाडी येतेच. मालक वैतागलेला असतो. "कालच तर काम केलं ना भाऊ, मग आज दिवा कसा लागला?" दुकानातला पोरगा स्टिअरिंगखाली वाकतो, स्कॅनरची वायर जोडतो, स्क्रीनवर चार-पाच ठिकाणी बोट लावतो आणि दिवा जातो. पाच मिनिटांचं काम. मालक पैसे देतो आणि घरी जाताना मनात विचार करतो, हे मला घरी जमलं असतं का?

जमतं. सगळ्याच गाड्यांचं नाही, पण बऱ्याच गाड्यांचं जमतं, आणि कसं ते पुढे सांगतोच. त्याआधी एक गोष्ट. स्क्रीनवर बोट लावणं हा या कामाचा शेवटचा आणि सगळ्यांत सोपा भाग. त्या बोटानं आपण गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, की आत्ता स्टिअरिंग जिथे आहे ते सरळ. कॉम्प्युटर ते मानून घेतो. त्याला पडताळून पाहायला तिथे दुसरा साक्षीदार नसतो. आपण खरं सांगितलं असेल तर उत्तम. खोटं सांगितलं असेल तर दिवा तेवढा विझतो आणि चूक आत राहते. म्हणून घरी करायचं काम कुठलं असेल, तर सरळ कुठे आहे ते शोधून काढायचं.

आणि ते शोधणारी माणसं सातपूरइतकी दाट दुसरीकडे क्वचितच सापडतील. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि सातपूर तिच्या सुरुवातीच्या वसाहतींपैकी एक. इथे मायको ही कंपनी आली. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, तरी शहरातला चौक आजही मायको सर्कलच आहे. तिथे डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल तयार होत आले, ज्यांच्यात सुई आणि तिचं घर यांच्यामधली फट काही मायक्रॉनची असते. इथे महिंद्राचा कारखाना आहे. २००२ सालची स्कॉर्पिओ आणि २०२० सालची नवी थार इथूनच बाहेर पडल्या. सिएटचे टायर इथे होतात. आणि या मोठ्यांच्या आजूबाजूला छोट्या वर्कशॉपांच्या रांगा, कुठे फिक्श्चर बनतात, कुठे गेज, कुठे वर्षानुवर्षं एकाच मापाचा बुश. आयटीआयमधून आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगितलं जातं, की डायल लावल्याशिवाय जॉबला हात लावायचा नाही. मशीनचा शून्य चुकला तर पुढचा प्रत्येक जॉब तेवढाच चुकत जातो, आणि मशीन थांबत नाही. ज्या गावाला हे हाडीमाशी माहीत आहे, त्या गावात गाडीचा शून्य मात्र डोळे झाकून स्कॅनरवर सोडला जातो, याचं मला वाईट वाटतं.

गाडीचा हा शून्य ज्यात असतो, तो स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर बसतो स्टिअरिंगच्या चाकामागे, दांड्यावर. बहुतेक गाड्यांत एअरबॅगची वायर गुंडाळून ठेवणाऱ्या क्लॉक स्प्रिंगच्या शेजारी, काहींत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या युनिटमध्ये. त्याचं काम तीन गोष्टी सांगायचं: स्टिअरिंग किती फिरलं, कुठल्या बाजूला फिरलं आणि किती वेगानं फिरलं. अडचण अशी, की स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे तीन फेरे फिरतं. नुसता एका फेऱ्यातला कोन मोजून उपयोग नाही. कितवा फेरा चालू आहे तेही कळायला हवं, आणि तेही चावी लावल्या क्षणी.

बॉशने यावर जो उपाय काढला तो सातपूरच्या कुठल्याही फिटरला चटकन कळावा, कारण तत्त्व व्हर्निअरचं आहे. १६३१ साली पिएर व्हर्निए या फ्रेंच माणसानं दोन पट्ट्यांवरच्या खुणांमध्ये मुद्दाम थोडा फरक ठेवला आणि त्या फरकातून बारीक माप वाचलं. सेन्सरमध्ये पट्ट्यांच्या जागी दातेरी चाकं आहेत. दांड्यावरचं मोठं चाक दोन छोटी चाकं फिरवतं आणि त्या दोघांच्या दातांची संख्या सारखी नसते. समजा, एकाला २४ दात आहेत आणि दुसऱ्याला २५. मोठं चाक २४ दात पुढे गेलं की पहिलं छोटं चाक मूळ जागी येतं, दुसरं एक दात मागे असतं. ४८ दातांनंतर दोन दात मागे. दोन्ही चाकं पुन्हा एकदम मूळ जागी यायला ६०० दात जावे लागतात. म्हणजे मोठ्या चाकाला ६० दात धरले, तर पूर्ण १० फेऱ्यांमध्ये या जोडीची प्रत्येक स्थिती एकमेव आहे. छोट्या चाकांत लोहचुंबक बसवलेले असतात, समोरची चिप त्यांची दिशा वाचते, आणि बॅटरी काढून पुन्हा लावली तरी पहिल्या क्षणाला पक्का कोन सांगते. बॉशचा हा सेन्सर दोन्ही बाजूंना ७८० अंशांपर्यंत मोजतो. सगळ्याच कंपन्यांचे सेन्सर असे नसतात. काहींत भोकं असलेली चकती आणि प्रकाशाचा किरण असतो, काही सेन्सर बॅटरी काढली की आपली जागा विसरतात. पुढे घरच्या कामात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

पण एवढं अचूक मोजून करायचं काय? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. १९९५ साली बॉश आणि मर्सिडीज यांनी मिळून, घसरणाऱ्या गाडीला सावरणारी ईएसपी ही यंत्रणा पहिल्यांदा मोठ्या मर्सिडीज गाडीत बसवली. बॉशमध्ये तिच्यामागे आंतोन फान झांटेन हे इंजिनिअर आणि त्यांची तुकडी होती. महागड्या गाडीतली चैन म्हणून ती राहिली असती. पण ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार मासिकाच्या पत्रकारांनी मर्सिडीजची नवी छोटी ए-क्लास चाचणीला घेतली. रस्त्यात अचानक सांबरासारखं मोठं जनावर आडवं आलं तर चालक जसा झटकन एकीकडे आणि लगेच दुसरीकडे वळेल, तसं वळवून पाहिलं, आणि गाडी उलटली. कंपनीनं पुढे त्या छोट्या गाडीतही ईएसपी सरसकट द्यायचं ठरवलं. तिथून ही यंत्रणा खालच्या किमतीकडे सरकू लागली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून ती सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली, युरोपात २०१४ पासून. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये तीन किंवा अधिक तारे हवे असतील, तर ती असावीच लागते. एका अर्थी त्र्यंबक रोडवरच्या दुकानातल्या त्या पिवळ्या दिव्याची सुरुवात स्वीडनमधल्या त्या चाचणीत आहे.

यंत्रणेचा विचार सोपा आहे. स्टिअरिंगचा सेन्सर सांगतो, चालकाला कुठे जायचंय. सीटखाली किंवा मधल्या कन्सोलखाली बसवलेला यॉ सेन्सर सांगतो, गाडी प्रत्यक्षात किती वळतेय. चारही चाकांचे सेन्सर वेग सांगतात. चालकाला हवं असलेलं वळण आणि गाडीचं प्रत्यक्ष वळण यांचा मेळ बसला नाही, तर कॉम्प्युटर एकाच चाकाचा ब्रेक क्षणभर दाबतो. गाडीची शेपूट बाहेर फेकली जात असेल तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक, नाक सरळ निघालं असेल तर साधारणपणे आतल्या बाजूचं मागचं. इंजिनाचा जोरही कमी करतो. पावसात कसारा घाटात ट्रकमधून सांडलेल्या डिझेलवर चाक गेलं, तर चालकाला कळायच्या आत हे होऊन जातं. चालकाला एकाच वेळी चार चाकांना चार वेगवेगळे ब्रेक लावता येत नाहीत. या यंत्रणेला येतात.

आता शून्य चुकला तर काय होतं ते पाहू. स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरवलं की पुढची चाकं १ अंश वळतात. समजा, गाडी सरळ जातेय, पण सेन्सर ५ अंश उजवीकडे दाखवतोय. म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबी पुढची चाकं अंशाच्या एक तृतीयांश वळलेली आहेत. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २.६ मीटर अंतर असलेल्या गाडीसाठी भूमितीनं त्याचा अर्थ होतो सुमारे साडेचारशे मीटर त्रिज्येचं वळण. समृद्धी महामार्गाच्या सरळ पट्ट्यावर तुम्ही शांतपणे निघाला आहात आणि गाडीचा मेंदू मात्र समजतोय की आपण उजवीकडच्या लांब वळणावर आहोत आणि गाडी वळत नाहीये. चांगल्या यंत्रणा एवढ्यावर ब्रेक दाबत नाहीत. हे माप पटण्यासारखं नाही असं ठरवून त्या स्वतःला बंद करतात आणि दिवा लावतात. एबीएस बहुधा चालू राहतं, पण घसरल्यावर सावरणारा हात गेलेला असतो. याहून धोक्याची असते ती मधली चूक, दोन-तीन अंशांची, जिच्यावर दिवा लागत नाही, पण एका बाजूच्या वळणावर यंत्रणा लवकर जागी होते आणि दुसऱ्या बाजूच्या वळणावर उशिरा.

शून्य हलण्याची कारणं घरगुती आहेत. टाय रॉड फिरवून अलाइनमेंट केली. रॅक, स्टिअरिंगचा दांडा किंवा क्लॉक स्प्रिंग बदलली. एबीएसचं युनिट बदललं. काही गाड्यांत नुसती बॅटरी काढली. आणि खड्डा. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकचे रस्ते उकरले जात असताना खड्ड्यावर वेगळं काय लिहायचं? खड्ड्यात सेन्सर बिघडत नाही. वाकतो टाय रॉड, किंवा सस्पेन्शनचा हात किंचित सरकतो, मग सरळ जाताना स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं, आणि सेन्सर ते तिरकेपण प्रामाणिकपणे कळवत राहतो. इथेच सगळ्यांत वाईट आडवाट घेतली जाते: स्टिअरिंगचं चाक काढायचं, दातांवरून एक घर सरकवून सरळ दिसेल असं बसवायचं, आणि स्कॅनरनं दिवा घालवायचा. दिसायला सगळं ठीक. पण टाय रॉड तसाच वाकडा, टायर एका कडेनं झिजत राहणार, आणि क्लॉक स्प्रिंग मध्यावरून हलल्यामुळे एखाद्या पूर्ण वळणावर तिची पट्टी तुटून एअरबॅगचा संपर्कच जाणार. माझं म्हणणं स्पष्ट आहे: एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टिअरिंग काढून 'सरळ' करणारा मेकॅनिक दिसला, की चावी परत घ्यावी.

सातपूर कॉलनीतल्या एका काकांनी हे काम अंगणात कसं केलं ते मी जवळून पाहिलं. आयुष्य टूलरूममध्ये गेलेलं. पुतण्याची हॅचबॅक खड्ड्यात आपटल्यापासून स्टिअरिंग डावीकडे कललेलं होतं. पुतण्या स्कॅनर घेऊनच आला होता, मित्राकडून मागून. काकांनी तो ओट्यावर ठेवायला लावला. "आधी हवा बघ. चारही टायरांत हवा सारखी नसेल तर पुढचं सगळं मोजणं फुकट." गाडी थंड होती. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरली. मग काकांनी गवंड्याची लेव्हल नळी काढली, पाणी भरलेली पारदर्शक, आणि चारही चाकांखालची फरशी तपासली. एका कोपऱ्यात उतार निघाला. त्या चाकाखाली पत्र्याचे तुकडे सरकवून पातळी साधली. पुढच्या दोन्ही चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत लाद्या ठेवल्या, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक वळवताना टायर जमिनीला धरून ताण राहू नये. बॉनेटवर आणि डिकीवर हातांनी जोर देऊन गाडी खाली-वर हलवली आणि तिला मोकळी बसू दिली.

नंतर दोरा. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मध्याच्या उंचीवर, पुढून मागे ताणलेला मासेमारीचा नायलॉनचा दोरा, चार स्टँडना बांधलेला. पुढच्या दोन चाकांमधलं आणि मागच्या दोन चाकांमधलं अंतर सारखं नसतं, त्यामुळे दोरा गाडीला चिकटून नेता येत नाही. पण पुढच्या हबच्या मध्यापासून डावीकडे जेवढं अंतर तेवढंच उजवीकडे हवं, आणि मागेही तसंच. हे जुळवायला सगळ्यांत जास्त वेळ गेला. स्टँड इकडे अर्धा मिलिमीटर, तिकडे पाव. पुतण्याचा धीर सुटत होता. काकांचा हात मात्र अशा कामाला सरावलेला. दोरा जुळल्यावर त्यांनी स्टीलपट्टी घेतली आणि आधी मागची चाकं मोजली: रिमच्या पुढच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत किती, मागच्या कडेपासून किती. मागची आधी का, ते त्यांनी सांगितलं. गाडी कुठे जाणार ते मागची चाकं ठरवतात. ती दोन्ही एका बाजूला वळलेली असतील, तर पुढची कितीही सरळ केली तरी स्टिअरिंग तिरकंच धरावं लागतं. मागची ठीक निघाली.

पुढे गडबड होती. १६ इंची रिमवर पुढच्या आणि मागच्या कडेत एक मिलिमीटर फरक म्हणजे चाकाचा कोन अंशाच्या साधारण सातव्या भागाइतका. आकडा लहान वाटतो, पण पंधरापट केला की स्टिअरिंगला दोन अंश होतात. इथे स्टिअरिंग मध्यावर बांधून ठेवलेलं असताना दोन्ही चाकं एकाच बाजूला वळलेली दिसत होती, एक दुसऱ्यापेक्षा जास्त. काकांनी मग टाय रॉडकडे लक्ष दिलं. दोन्ही टाय रॉडच्या आट्यांवर खडूनं खूण केली, लॉकनट सैल केले. एक रॉड जेवढा लांब करायचा तेवढाच दुसरा आखूड, म्हणजे चाकांचा आपापसातला कोन बदलत नाही, फक्त मध्य सरकतो. दोन्हींना उलटसुलट अर्धा फेरा दिला तर स्टिअरिंग साधारण चार ते सहा अंश सरकतं; गाडीगणिक कमीजास्त. थोडं फिरव, गाडी हलव, पुन्हा मोज. जो फरक उरला तो एकाच बाजूच्या रॉडनं काढला. चाक काढायची वेळ आली तेव्हा जॅकसोबत स्टँडही लावले. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही, हे त्यांनी पुतण्याला दोनदा बजावलं.

लॉकनट आवळून झाल्यावर त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. "आण आता तुझं ते यंत्र."

यंत्राच्या बाजूला कंपन्यांच्या तीन-चार तऱ्हा आहेत. सगळ्यांत सोप्या त्या गाड्या, ज्या स्वतःच शिकतात. बॅटरी काढल्यावर दिवा लागला असेल, तर इंजिन चालू करून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, मध्यावर आणायचं आणि सरळ रस्त्यावर थोडं चालवायचं. टोयोटाच्या काही गाड्यांना ताशी ३५ किलोमीटरच्या वर काही सेकंद सरळ चालवलं की स्टिअरिंगचा शून्य सापडतो. त्यांच्याच अनेक गाड्यांत यॉ सेन्सरचा शून्य वेगळा द्यावा लागतो, आणि तो ओबीडी सॉकेटमधल्या ४ आणि १२ नंबरच्या पिना ठराविक क्रमानं तारेनं जोडून देतात. त्या वेळी गाडी सपाट जागी निश्चल हवी, आत कुणी बसून हलता कामा नये. ही तार अंधारात चाचपडत घालायची नाही. १६ नंबरच्या पिनवर थेट बॅटरी असते आणि चुकीच्या जोडणीत फ्यूज तरी उडतो, नाहीतर युनिट तरी जातं. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जोडणी झालेल्या स्कोडा लॉरा, फोक्सवॅगन जेटा यांच्या पिढीत शून्य द्यायला खास सॉफ्टवेअर लागतं: थोडं अंतर सावकाश सरळ चालवून थांबायचं, स्टिअरिंग न हलवता एबीएसच्या विभागात ४०१६८ हा लॉगिन द्यायचा आणि बेसिक सेटिंगचा ०६० हा ग्रुप चालवायचा. नव्या गाड्यांत हीच गोष्ट मेन्यूत नावानिशी येते.

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ब्लूटूथ डोंगलबद्दल मात्र गैरसमज फार आहे. ओबीडी हे सॉकेट मुळात प्रदूषण तपासण्यासाठी सक्तीचं झालं, आपल्याकडे २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत. त्यामुळे इंजिनाचे ठराविक आकडे सगळ्या गाड्यांत सारख्याच भाषेत मिळतात. स्टिअरिंग, ब्रेक, एअरबॅग यांची भाषा ज्याची त्याची. स्वस्त डोंगलला इंजिनाचा दिवा वाचता येतो. ईएसपीचा विभाग त्याला बहुधा दिसतच नाही. आपल्या गाडीच्या कंपनीसाठी बनवलेलं ॲप किंवा स्कॅनर लागतो, आणि तो विकत घेण्याआधी त्यात दोन गोष्टी आहेत का पाहाव्यात: स्टिअरिंगचा कोन चालू स्थितीत दिसतो का, आणि शून्य द्यायची सोय आहे का. पहिली गोष्ट दुसरीपेक्षा जास्त मोलाची. आकडा दिसला, तर निम्म्या वेळा शून्य द्यायची गरजच नाही हे कळतं.

ही भाषा कुलूपबंद का असावी, हा प्रश्न एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत गेला होता. २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा ठपका होता. निकाल अपिलात गेला आणि वाद वर्षानुवर्षं चालला. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू झालं, आणि त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्या जोडीला वाहनंही आहेत. सातपूरच्या दृष्टीनं हा विषय दूरचा नाही. जी माणसं गाडीचे भाग मायक्रॉनमध्ये बनवतात, त्यांनाच आपल्या दारातल्या गाडीचा शून्य पाहायला परवानगी मागावी लागते. सुरक्षेचं कारण पुढे केलं जातं आणि ते खोटं नाही; एअरबॅगचा विभाग कुणीही उघडावा असं मीही म्हणणार नाही. पण मापं वाचण्याची मोकळीक आणि शून्य द्यायची लिहिलेली पद्धत मालकाला मिळायलाच हवी. ती नाही म्हणून लोक दिवा काढणाऱ्याकडे जातात, आणि दिवा काढणं म्हणजेच दुरुस्ती असा समज रुजतो.

घरी करू नये असंही काही आहे. अपघातात एअरबॅग फुटली असेल, दांडा किंवा रॅक बदलली असेल, तर काम वर्कशॉपचंच. काचेमागे कॅमेरा असलेल्या, लेन धरून चालणाऱ्या गाड्यांत अलाइनमेंटनंतर कॅमेराही जुळवावा लागू शकतो. त्याला ठराविक अंतरावर उभे केलेले फलक लागतात आणि अंगणात ते साधत नाही. आणखी एक साधी गोष्ट: इंजिन बंद ठेवून चावी चालू असताना बॅटरी भरभर उतरते. शून्य लिहिला जात असताना व्होल्टेज कोसळलं तर युनिट अर्धवट अवस्थेत अडकू शकतं. जुनी बॅटरी असेल तर चार्जर जोडून ठेवलेला बरा.

काकांच्या अंगणात स्कॅनर लावल्यावर आधी कोन पाहिला. स्टिअरिंग मध्यावर, चाकं दोऱ्याशी जुळलेली, आणि सेन्सर काही अंश बाजूला. तो आकडा काकांनी वहीत लिहिला, मगच शून्य द्यायला सांगितलं. दिल्यावर पुन्हा वाचला, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेलं, दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे येतात का पाहिलं. ही शेवटची तपासणी फारसं कुणी करत नाही आणि तिला एक मिनिटही लागत नाही. शून्य रॅकच्या मध्यापासून फार दूर असेल, तर इथेच उघडं पडतं.

रस्त्यावरची चाचणी शिफ्ट सुटायची वेळ टाळून एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर झाली. पुतण्या चालवत होता आणि आकडा बघायला शेजारी दुसरं माणूस होतं. चालवणाऱ्यानं स्क्रीनकडे पाहायचं नाही. गाडी सरळ जात असताना आकडा शून्यावर नव्हता, किंचित उजवीकडे होता. पुतण्या हिरमुसला. काका म्हणाले, रस्ता बघ. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे साधारण दोन-अडीच टक्के उतार देतात. आपण डावीकडून चालतो, म्हणजे गाडी कायम डावीकडच्या उतारावर असते आणि सरळ राहायला स्टिअरिंग नकळत उजवीकडे धरलं जातं. उलट दिशेनं आलं तरी आपली बाजू डावीच, त्यामुळे जाऊन-येऊन सरासरी काढल्यानं हा दोष जात नाही, वाऱ्याचा जातो. याच कारणासाठी, जिथे गाडी उभी ठेवून शून्य देता येतो तिथे रस्त्यावर चालवत देऊ नये. त्याच रस्त्याच्या माथ्यावर, मोकळं पाहून, थोडं अंतर गाडी मधोमध नेली तेव्हा आकडा शून्याच्या आसपास आला.

गाडीच्या कागदांसोबत एक छोटी वही ठेवावी आणि तिच्यात तारीख, किलोमीटर, शून्य देण्याआधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि टाय रॉड किती फिरवले ते लिहावं. दिवा काही दिवसांनी परत आलाच, तर लगेच दुसऱ्यांदा शून्य द्यायचा नाही. आधी कोन वाचायचा. स्टिअरिंग डोळ्यांनाच तिरकं दिसत असेल तर काहीतरी सरकलंय: लॉकनट, बॉल जॉइंट किंवा रॅकचे बोल्ट. स्टिअरिंग सरळ दिसतंय पण आकडा हळूहळू एकाच बाजूला जातोय, तर सेन्सरचा दांड्याशी असलेला जोड किंवा त्याची बैठक तपासायची. आणि गाडी उभी असताना, कुणी हातही लावलेला नसताना आकडा उड्या मारत असेल, तर प्लगमध्ये पाणी किंवा गंज आहे का पाहायचं. प्लग कोरडा आणि स्वच्छ असेल, तर सेन्सरच बदलावा लागतो.